छप्पर मागता येतं, अंथरूण नाही

डिसेंबरात सटाण्याहून सायकलने निघायचं. पहिली रात्र मांगीतुंगीच्या पायथ्याला, दुसरी मुल्हेरात, तिसरी साल्हेरवाडीत किंवा जमलं तर थेट गडाच्या माथ्यावर, आणि मग परत. ताहराबादपर्यंत विंचूर-प्रकाशा महामार्ग, तिथून पश्चिमेला मोसम खोऱ्यातला रस्ता. वाटेबद्दल वाद नव्हता. वाद होता रात्रीबद्दल: झोपायचं कशात, कशावर आणि कुणाच्या जागेत?

वाद घालणारे दोघे. मामांचं सटाण्यात ताडपत्री, दोरखंड, शेडनेट आणि कांदा झाकायच्या कागदाचं दुकान आहे. तरुणपणी ते दांडीच्या सायकलवर खान्देश फिरलेले. भाची नाशिकला नोकरी करते. ज्या शहरातल्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, त्या शहरातली सायकलवेडी पिढी ही. ती मैत्रिणीबरोबर निघणार होती आणि दुकानात आली होती फक्त दहा मीटर बारीक दोरी घ्यायला. मी मामांचा शेजारी, त्यामुळे सगळं ऐकलं. जिथे राहवलं नाही तिथे माझंही म्हणणं खाली घातलं आहे.

मामा : दोरी देतो, पण तंबू कशाला घेतलास तेवढं सांग. या तालुक्यात रात्री उघड्यावर पडायची वेळ माणसावर येत नाही. सटाण्याच्या देवमामलेदारांच्या यात्रेला मार्गशीर्षात हजारो लोक येतात, ते काय तंबू घेऊन येतात? मंदिराचा ओटा, दुकानाची पडवी, ओळखीच्या ओळखीचं घर. मांगीतुंगीला धर्मशाळा आहे, मुल्हेरला उद्धव महाराजांचं मंदिर आहे. गडावर म्हणशील तर साल्हेरच्या गुहांत ट्रेकवाले कितीतरी वर्षं झोपतायत.

भाची : कोजागरीला मुल्हेरला जाऊन बघा, रासक्रीडेच्या रात्री पाय ठेवायला तरी जागा मिळते का. बरं, आम्ही डिसेंबरात चाललोय, ओटा रिकामा असेल. पण ओट्यावर तुम्ही झोपलात मामा. मी झोपले तर?

मामा : तुला ओट्यावर कोण झोपू देईल? घरात घेतील. बायकांत झोपशील.

भाची : घेतील, माहितीये. मग त्या घरातली म्हातारी स्वतःची खाट मला देईल आणि स्वतः खाली झोपेल. सून रात्री नऊला पुन्हा चूल पेटवेल. त्यांची दोन खोल्यांची जागा, त्यात एक कांद्याने भरलेली. मी दिवसभर सायकल चालवून दमलेली, मला आठ वाजता आडवं व्हायचंय. आणि त्यांच्यासाठी मी पाहुणी. तुम्ही त्याला माणुसकी म्हणता. असेलच. पण ती फुकट पडत नाही, तिची किंमत त्या सुनेच्या झोपेतून जाते.

मामा गप्प झाले नाहीत, पण दोरी मोजायची थांबले. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत गावकऱ्यांच्या पाहुणचाराचे गोडवे फार असतात. त्या पाहुणचाराचं काम घरात कोण करतं, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. भाचीने तो विचारला.

मामा : बरं. मग मी सांगतो ते घे. नऊ बाय बाराची ताडपत्री. एक बाजू सायकलवरून टाकायची, दुसरी दगडाला नाहीतर खुंट्याला बांधायची. सायकल उभी करून दोन्हीकडून ताणली की पडत नाही. झाला निवारा. साक्रीकडचे ठेलारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन इकडून जातात. घोड्यावर सगळा संसार असतो. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, खत मिळतं म्हणून. मेंढ्यांभोवती जाळी, पोराबाळांना एक पाल, बाकीचे उघड्यावर. त्यांच्या अंगावर घोंगडी असते, तंबू नसतो. त्यांच्यापेक्षा जास्त रात्री बाहेर काढलेला माणूस मला दाखव.

भाची : त्यांच्याबरोबर कुत्री असतात आणि दहा माणसं असतात. एकजण जागा असतो. आम्ही दोघी झोपणार आणि पहारा कुणाचाच नाही. शिवाय ताडपत्री वजनाला कशी?

हे विचारायला नको होतं, कारण हा मामांच्या धंद्याचा प्रश्न. ताडपत्रीचं वजन जीएसएमवर ठरतं, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. नऊ बाय बारा फूट म्हणजे जवळजवळ दहा चौरस मीटर. नव्वद जीएसएमची घेतली तर नऊशे ग्रॅम, दोनशेची घेतली तर सरळ दोन किलो. जाड ताडपत्री शेतात टिकते म्हणून लोक तीच मागतात; सायकलवर ती नुसता भार. मामांनी नव्वदची काढली. मग घरातून घोंगडी मागवली, सतरंजी मागवली, वर मच्छरदाणी. दोरखंड किलोवर विकतात, त्यामुळे काटा दुकानातच. सगळं काट्यावर ठेवलं आणि आकडा पाच किलोच्या जवळ गेला. एकट्या घोंगडीनेच अडीच किलो खाल्ले. भाचीचा दोन माणसांचा तंबू, एक स्लीपिंग बॅग आणि फोमची घडीची चटई काट्यावर ठेवली, तर ती चार किलोच्या आतच राहिली. त्यातही तंबू दोघींत वाटला जाणार.

मामा : काटा बरोबर आहे.

एवढंच म्हणाले. साधेपणा म्हणजे हलकेपणा, असा आपला एक समज असतो. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. लोकर दमट झाली तरी ऊब देते, वर्षानुवर्षं टिकते, ठिणगी पडली तर भसकन पेटत नाही. पण ती घोड्याच्या पाठीसाठी बरी, सायकलच्या कॅरियरसाठी नाही.

सायकलवर तंबू न्यायची कल्पना नवी नाही, आणि ती कुणा गिर्यारोहकाच्या डोक्यातूनही निघालेली नाही. लंडनचा टॉमस हायरम होल्डिंग पेशाने शिंपी. त्याने सायकलवर मावेल एवढा तंबू आणि झोपायचं सामान स्वतः बेतलं, आयर्लंडमधल्या कनेमारा भागात सायकलने फिरला आणि 1898 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. 1901 मध्ये त्याने सायकलवरून तंबूमुक्काम करणाऱ्यांची संघटना काढली. ती आजही वेगळ्या नावाने चालू आहे. भाचीने हे सांगितलं तेव्हा मामांना शिंप्याचंच कौतुक वाटलं. ‘कापड कळणाऱ्यानेच तंबू करावा,’ म्हणाले, आणि तंबू उलगडायला सांगितला. खरं बोलणं तिथून सुरू झालं.

मामा : आत ही जाळी, वर हे कापड. दोन कशाला? एकच थर असता तर निम्मं वजन.

भाची : एका थराचे येतात. पण माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पेलाभर तरी पाणी सोडतो. बाहेर गारठा, आत वाफ. ती कापडाला आतून लागते आणि थेंब होऊन अंगावर पडते. दोन थर असले की वाफ जाळीतून बाहेर जाते, पाणी वरच्या कापडाला आतून धरतं आणि कडेने खाली उतरतं. आपलं अंथरूण कोरडं राहतं.

मामा : म्हणजे कांदा चाळच. चाळीला खालून हवा घेतली आणि वरून सोडली तर कांदा टिकतो. चारी बाजूंनी कागद गुंडाळला की महिन्यात पाणी सुटतं.

भाची : तेच. म्हणून थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या नाहीत. वरची एक उघडी ठेवायची.

मामा : मग माझी ताडपत्री तुझ्या तंबूपेक्षा बरी. दोन्ही बाजू उघड्या, वाफ कशाला अडकेल?

इथे मामांचं बरोबर आहे. थोडी भर मी घालतो. डिसेंबरात कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्यात, पाऊस बहुधा नसतो. असतं ते दव. अर्ली द्राक्षं धरणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, पान किती वेळ ओलं राहिलं याची धास्ती त्याला असते, कारण डावणी हा रोग त्यातूनच येतो. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग हवेतली वाफ तिच्यावर धरते. वर झाड असो, पडवी असो की एक पातळ ताडपत्री, तुमची उष्णता सरळ आकाशाकडे जात नाही. म्हणून आंब्याखाली झोपलेला सकाळी कोरडा उठतो आणि मोकळ्या रानात झोपलेला भिजून. दवासाठी दोन थरांचा तंबू लागत नाही, छप्पर म्हणून काहीही पुरतं.

दुसरी गोष्ट, मुक्काम नदीकाठी नको. शांत थंड रात्री गार हवा उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. मोसमच्या किंवा आरमच्या पात्रालगत जितका गारठा असतो, तितका थोड्या चढावरच्या बांधावर नसतो. पाण्याची सोय दिसली की लोक तिथेच पथारी टाकतात. पाणी भरून घ्यावं आणि वर सरकावं.

भाची : दवाचं कबूल. पण जाळीचं काय? ताडपत्रीला खाली काही नसतं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. तिचा चावा दुखतही नाही, म्हणून माणूस झोपेतच राहतो आणि सकाळी डोळ्यांच्या पापण्या उघडत नाहीत तेव्हा कळतं. तंबूची आतली जाळी तळाच्या कापडाला शिवलेली असते. चेन लावली की आत काही येत नाही.

मामा : मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली तर तेच काम होतं.

भाची : होतं. पण झोपेत पाय लागून ती सुटते. चेन सुटत नाही.

मामा : थंडीत साप कमी.

भाची : कमी. नाहीतच, असं नाही.

माझ्या मते तंबूच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, आणि तंबू विकणारे तो फारसा सांगत नाहीत. ते पाण्याचे मिलिमीटर सांगतात, वाऱ्याचा वेग सांगतात. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे या काळात सायकलवर फिरणाऱ्याला तंबू लागतो तो मुख्यतः शिवलेल्या तळासाठी आणि चेनच्या जाळीसाठी. दोन बायका असतील तर आडोशासाठीही. कपडे बदलायला, आणि कुणी बघतंय का याचा विचार न करता डोळे मिटायला. अवकाळी गारपिटीची गोष्ट वेगळी. बागलाणच्या, म्हणजे याच सटाणा तालुक्याच्या, द्राक्ष आणि डाळिंब बागांची ती जी गत करते ती पाहिलेला माणूस तंबूच्या भरवशावर राहत नाही. आभाळ काळवंडलं की समोर दिसेल त्या पक्क्या घराकडे सायकल वळवायची.

एवढ्यात एक कांदा उत्पादक कागद घ्यायला आले. पसरलेला तंबू बघून म्हणाले, “तंबू कसाले भो? मन्हा मळामा या नि झोपा!” भाचीने लगेच विचारलं, मळ्यात कुठे? आणि मग या गृहस्थांकडून जे ऐकायला मिळालं ते तंबूबरोबर येणाऱ्या कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीची मिळते. रात्री एक-दोनला शेतकरी बॅटरी घेऊन मोटर चालू करायला आणि बारे द्यायला निघतो. त्याला न विचारता बांधावर तंबू ठोकला असेल, तर त्या वेळी तो चोर समजून काठीच घेऊन येईल. आणि तंबू वाफ्यात असेल तर पाण्याला काय माहीत? गव्हाच्या रानात संध्याकाळी भुसभुशीत मऊ दिसलेली जागा पहाटे चिखल झालेली असते. म्हणून विचारून झोपायचं, आणि विचारताना ‘रात्री पाणी कुठे जाणार आहे?’ हेही विचारायचं. उसाला लागून तर अजिबात नाही, तिथे बिबट्या असतो. घराजवळच्या खळ्यावर, कुत्रं भुंकेल एवढ्या अंतरावर सगळ्यात बरं.

मामा : म्हणजे तंबू घेतलास तरी माणसाला विचारावं लागतंच.

भाची : विचारायला माझी ना नाहीच. मागायला आहे. विचारणं वेगळं, मागणं वेगळं. ‘तुमच्या खळ्यावर आमचा तंबू लावू का?’ असं विचारलं तर त्यांना फक्त ‘हो’ म्हणायचंय. खाट द्यायची नाही, गोधडी काढायची नाही.

मामा : आणि चहा दिला तर?

भाची : चहा घेऊ ना!

तंबूच्या खिळ्यांवरून थोडा वेळ गेला. काळ्या जमिनीला हिवाळ्यात भेगा पडतात, तिथे खिळा आत जातो पण धरत नाही. मुरमात आत जाता जात नाही. गडाच्या कातळावर तर प्रश्नच मिटला. म्हणून खिळ्यांशिवाय स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू घ्यावा. बाजारात सध्या जे सगळ्यात हलके तंबू आहेत त्यातले बरेच चालण्याच्या काठ्यांवर उभे राहतात. ट्रेकरच्या हातात काठ्या असतातच. सायकलवाल्याच्या हातात हँडल असतं, म्हणजे काठी वेगळी वाहायची आणि वजनाची बचत गेली. काड्यांची घडी किती लांब होते तेही दुकानात मोजून घ्यावं. वळवलेल्या हँडलमध्ये आडवी न बसणारी काडी पूर्ण प्रवासभर गुडघ्याला लागते. झोळी टांगून झोपणारेही असतात. त्यांना योग्य अंतरावर दोन झाडं लागतात आणि गडमाथ्यावर ती सापडत नाहीत. द्राक्षबागेच्या अँगलला झोळी बांधायचा विचार कुणी करत असेल, तर त्याने तो सटाण्यात मोठ्याने बोलू नये.

आता अंथरुणाकडे. इथे मामा-भाची आधी भांडले आणि मग त्यांचं जुळलं, जे वादात क्वचित होतं.

मामा : ती पिशवी बघू. यावर तीन आकडे का?

भाची : स्लीपिंग बॅग आहे ती, पिशवी काय म्हणता! पुतळ्याला आत झोपवून प्रयोगशाळेत मोजतात. पहिला आकडा कम्फर्ट, तो साधारण बाईला आरामात झोप लागेल तो. दुसरा लिमिट, साधारण पुरुष अंग आखडून रात्र काढेल तो. तिसरा एक्स्ट्रीम, म्हणजे जीव वाचेल पण अंग गारठून धोका होईल. दुकानवाले कधीकधी तिसराच मोठ्या अक्षरांत सांगतात.

मामा : आपल्याकडे कोणता बघायचा?

भाची : पहिला. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा दहाच्या खाली जातो. थंडीची लाट आली तर निफाडकडे पाचाखालीही जातो. म्हणून कम्फर्ट पाचाच्या आसपास असलेली बॅग पुरते. उणे दहाची घेऊन इथे घाम काढायचा नाही. ज्या बॅगेवर एकच आकडा छापलाय आणि तो कसला ते लिहिलेलं नाही, ती मी घेणार नाही.

मामा : आत पिसं की कापूस?

भाची : कृत्रिम धागा. पिसं हलकी आणि लहान घडी होणारी, पण ओली झाली की गोळा होतात. तुमच्या दवाला घाबरून मी पिसं घेतली नाहीत.

मामा : दव माझं नाही, पण ठीक. आणि ही फोमची चटई? सतरंजी काय वाईट आहे?

भाची : मामा, थंडी वरून नाही, खालून येते. बॅगेतला भराव अंगाखाली दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब संपते. खालची ऊब सगळी चटईवर. सतरंजीत हवा नाहीच. फोममध्ये बारीक बंद कप्पे आहेत, प्रत्येकात हवा अडकलेली.

मामा : हे मात्र खरं आहे. आम्ही खाली पेंढा टाकायचो. पेंढा असला की एक पांघरूण पुरायचं, नसला की दोन पांघरली तरी पहाटे कुडकुडायचो. तेव्हा वाटायचं, पांघरूणच पातळ आहे.

चटईची ऊब मोजायचा आकडाही आता ठरला आहे. त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात, आणि 2018 पासून तो मोजायची एक सामाईक पद्धत आहे. आकडा जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी कमी लागते. साधी फोमची चटई दोनच्या आसपास असते, बागलाणच्या हिवाळ्याला तेवढं भागतं. हवा भरायची गादी जास्त मऊ, घडीला लहान, कुशीवर झोपणाऱ्याला आवडणारी. पण आत भराव नसलेली साधी गादी ऊब फारशी देत नाही, आणि इथल्या माळावर बाभूळकाटा जागोजागी असतो. सायकलच्या ट्यूबला जे होतं तेच गादीला होतं, फक्त पंक्चर रात्री तीनला कळतं. काटा टोचला तरी फोमची चटई चटईच राहते. चाळिशीच्या पुढच्यांनी कंबर बघून ठरवावं, यात माझा आग्रह नाही.

मामा : मग असं कर. तंबू ठेव दुकानात. चटई घे, बॅग घे, मच्छरदाणी घे. ही नव्वदची ताडपत्री घे. ओटा मिळाला तर ओट्यावर, नाही तर झाडाखाली. अंथरूण तुझं असलं म्हणजे सुनेला गोधडी काढायला नको.

भाची : तुम्ही माझंच म्हणणं मला परत विकताय.

मामा : दुकानदार आहे मी.

भाची : एकटा पुरुष असता तर मी हेच सांगितलं असतं. अंथरूण स्वतःचं, छप्पर मिळेल ते. पण आम्ही दोघी आहोत, तंबू जातोय. ताडपत्री मात्र द्या. तंबूखाली घडी करून टाकली तर बाभूळकाट्यापासून तळ वाचेल, आणि दुपारी सावलीला वर बांधता येईल.

मामा : तळाच्या कडेबाहेर येऊ देऊ नको. पाऊस आला तर बाहेर आलेल्या ताडपत्रीवर पडलेलं पाणी सगळं तंबूखाली जाईल.

भाची : हे माझ्या लक्षात आलं नसतं.

मामा : आणि घोंगडी?

भाची : ती घरी राहू द्या. परत आले की गच्चीवर तीच घेऊन झोपेन.

दोघांत मी कोणाच्या बाजूचा, हे सांगायला हरकत नाही. पैसे थोडे असतील तर पहिल्यांदा चटई घ्यावी, मग बॅग, आणि तंबू सगळ्यात शेवटी. तोवर मच्छरदाणी आणि पातळ ताडपत्री चालवावी. बहुतेक लोक उलट करतात. तंबू दिसतो, फोटोत येतो, म्हणून खर्च तिथे होतो, आणि मग आत योगाच्या चटईवर कुडकुडत रात्र जाते. पण बाई एकटी किंवा बायकाच निघणार असतील तर हा क्रम मी त्यांना सांगणार नाही. त्यांच्यासाठी शिवलेला तळ, चेन आणि आडोसा ही पहिली गरज आहे, आणि तिला चैन म्हणणाऱ्याने एखाद्या परक्या गावात संध्याकाळी त्यांच्या जागी उभं राहून बघावं.

मुंबईचे अधी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा 1923 मध्ये सायकलने जगाच्या फेरीला निघाले आणि 1928 मध्ये परतले. तेव्हा कम्फर्ट नव्हता, आर-व्हॅल्यू नव्हती. त्यांचं उदाहरण देऊन आजच्या पोरांना ‘एवढं सामान कशाला?’ म्हणणारे भेटतात. निघाले होते सहा जण, फेरी पुरी केली तिघांनी, हेही मग सोबत सांगावं.

साल्हेरच्या माथ्यावर रात्र काढू पाहणाऱ्या सायकलवाल्यांना एक विनंती आहे. 1567 मीटर उंचीचा हा गड राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, आणि जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. सायकल साल्हेरवाडीत किंवा वाघांब्यात कुणाच्या तरी अंगणात ठेवा, वर राहता येईल का ते आधी तिथे आणि वनविभागाकडे विचारून घ्या. परवानगी मिळाली तर वाड्यांच्या चौथऱ्यांत खिळे ठोकू नका आणि तंबू धरून ठेवायला तटाचे दगड उपसू नका. खालून रिकाम्या पिशव्या न्या, त्यांत वर माती भरा, दोऱ्या त्यांना बांधा, आणि उतरायच्या आधी माती होती तिथे टाका.